चावी हाती दिल्यानंतर

वर्षानुवर्षे फुटपाथवर, रात्रनिवाऱ्यात किंवा मनोरुग्णालयाच्या वॉर्डात काढलेल्या माणसाच्या हाती स्वतःच्या घराची चावी पडते, तो क्षण छायाचित्रात फार चांगला दिसतो. संस्थांच्या अहवालांवर तोच छापलेला असतो. त्यानंतरचे दिवस मात्र कुणी टिपत नाही. शेगडी कशी बंद करायची हे पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. शेजाऱ्यांची तक्रार आली की घरमालकाची समजूत काढावी लागते. एखाद्या सकाळी दार आतून बंद असते, हाका मारूनही उत्तर येत नाही, आणि जादा किल्ली घेऊन कुणालातरी जिना चढावा लागतो. त्या ‘कुणातरी’ला कॅनडात सपोर्ट वर्कर किंवा केस मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे नुसते कार्यकर्ता म्हणतात. हे पुस्तक त्याच्या मनाविषयी आहे. बेघरांना घर देण्याच्या योजनेत भिंती आणि भाडे जितके मोजले जाते तितकेच या माणसाचे मनही मोजले पाहिजे, कारण योजना त्यावरच उभी असते, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. ते दयेपोटी मांडलेले नाही. त्याला पुरावा आहे आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही गंभीर आहेत. दोन्ही इथे क्रमाने पाहायचे आहेत.

या क्षेत्राशी ओळख नसलेल्या वाचकासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. अमेरिकेत १९६३ साली सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला. मोठी मनोरुग्णालये रिकामी करायची आणि उपचार वस्तीपर्यंत न्यायचे, हा त्यामागचा विचार होता. रुग्णालये रिकामी झाली, केंद्रे मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत. पुढच्या दोन दशकांत न्यूयॉर्कसारख्या शहरांतली स्वस्त, एकेका खोलीची वसतिगृहेही पाडली गेली किंवा महाग झाली. रस्त्यावर आलेल्या माणसांसाठी जी व्यवस्था झाली ती पायऱ्यांची होती. आधी दारू सोडा, मग औषधे नियमित घ्या, मग सामूहिक निवासात नीट राहून दाखवा, आणि मग घर. बहुतेक माणसे मधल्याच कुठल्यातरी पायरीवरून घसरत आणि पुन्हा रस्त्यावर येत. १९९२ साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू करून हा क्रम उलटा केला. आधी घर, तेही अट न घालता, आणि नंतर त्या माणसाला हवी तेवढी आणि हवी तेव्हा मदत. ‘हाउसिंग फर्स्ट’ या नावाने ही पद्धत जगभर गेली. तिची सर्वांत मोठी परीक्षा २००९ ते २०१३ या काळात कॅनडात झाली. व्हँकुव्हर, विनिपेग, टोरँटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या ‘अ‍ॅट होम / शे स्वा’ या प्रयोगात शेवटच्या सहा महिन्यांत, ‘आधी घर’ गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते. नेहमीच्या सेवा मिळणाऱ्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते.

हे आकडे वाचताना घराकडे लक्ष जाते आणि घराबरोबर दिलेली दुसरी गोष्ट निसटते. या प्रयोगात भाडेकरूवर दोनच मुख्य बंधने होती. उत्पन्नाचा ठरावीक भाग भाड्यापोटी द्यायचा आणि आठवड्यातून किमान एकदा कार्यकर्त्याची भेट होऊ द्यायची. म्हणजे उरलेल्या सगळ्या अटींच्या जागी एक नाते ठेवले गेले. ते निभावण्याचे तंत्र जुने आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथे लिओनार्ड स्टाइन, मेरी अ‍ॅन टेस्ट आणि अर्नोल्ड मार्क्स यांनी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाच बाहेर, रुग्णाच्या घरी पाठवायला सुरुवात केली. त्यातून डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते यांचे फिरते पथक तयार झाले. त्यात दर दहा माणसांमागे एक कर्मचारी असावा असा दंडक आहे. कॅनडातल्या प्रयोगात गंभीर गरजेच्या माणसांना असे पथक मिळाले. मध्यम गरजेच्या माणसांना एकेक केस मॅनेजर मिळाला आणि त्याच्याकडे साधारण सोळा ते वीस माणसे असत.

कामाची जागा बदलली तसे कामाचे ओझेही बदलले. वॉर्डात परिचारिकेच्या आजूबाजूला सहकारी असतात, पाळी संपली की जबाबदारी दुसऱ्याच्या हाती जाते, आणि वॉर्डाचे नियम तिच्या बाजूने बोलतात. भाड्याच्या खोलीत कार्यकर्ता एकटा असतो आणि तिथे तो पाहुणा असतो. ‘आज येऊ नका’ म्हणण्याचा अधिकार भाडेकरूचा आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण खोलीला आग लागली, शेजाऱ्याला मारहाण झाली, भाडेकरूने जीव दिला, तर चौकशी कार्यकर्त्याची होते. अधिकार काढून घेतला आणि जबाबदारी तशीच राहिली. या फटीतून कार्यकर्त्याच्या मनावर येणारा ताण व्यक्तीच्या दुबळेपणाने समजत नाही. तो कामाच्या घडणीतच आहे. याची उलट बाजूही नोंदवली पाहिजे. बेंजामिन हेनवूड, व्हिक्टोरिया स्टॅनहोप आणि डेबोरा पॅजेट यांनी न्यूयॉर्कमधल्या दोन्ही प्रकारच्या संस्थांतल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. पायऱ्यांच्या पद्धतीतले कार्यकर्ते उपचाराचे काम करायला आले होते, पण त्यांचा सगळा जीव घर शोधण्यात जात होता. ‘आधी घर’ पद्धतीतल्या कार्यकर्त्यांना घराची चिंता नव्हती, म्हणून त्यांना माणसाकडे लक्ष देता येत होते. माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. सारख्याच दुःखाने गांजलेली माणसे, सारख्याच पेशातले कार्यकर्ते, पण योजनेची आखणी बदलली की मनावरचे ओझे बदलते.

कार्यकर्त्याच्या त्रासाला नाव देण्याचे प्रयत्न गेल्या सहा-सात दशकांत झाले आणि त्यातून तीन-चार विचारधारा तयार झाल्या. ‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली. व्यसनी आणि निराधार तरुणांसाठी चालणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक त्यांनी पाहिले होते. म्हणजे ही संकल्पना जन्मलीच आपल्या विषयाच्या शेजारी. पुढे ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. भावनिक गळाठा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना, या तीन खुणा त्यांनी ठरवल्या. मराठीत या अवस्थेला ‘करपणे’ हा शब्द जवळचा वाटतो. पीक करपले की शेतकरी बियाण्याला दोष देण्याआधी पाण्याकडे पाहतो. मास्लाक यांनाही तेच दिसले. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल लायटर यांच्याबरोबर १९९७ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी दोष माणसात शोधण्याऐवजी कामाचा बोजा, त्यावरचा ताबा, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्ये या सहा ठिकाणी शोधायला सांगितले. दुर्दैवाने त्यांची प्रश्नावली सर्वत्र वापरली गेली आणि हे सांगणे मागे पडले. आजही संस्था कर्मचाऱ्यांचे करपणे मोजतात आणि उपाय म्हणून त्यांना श्वसनाचे व्यायाम शिकवतात.

दुसरी धारा आघाताची. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांबरोबर काम केलेले चार्ल्स फिग्ली आणि अत्याचारपीडितांवर उपचार करणाऱ्या लिसा मॅकॅन व लॉरी पर्लमन यांनी १९९०च्या दशकात दाखवले की दुसऱ्याच्या आघाताच्या कहाण्या ऐकणाऱ्यालाही आघात होतो. त्याला करुणेचा थकवा म्हटले गेले. या धारेने कार्यकर्त्याच्या झोपमोडीला, दचकण्याला, घरच्यांवर विनाकारण चिडण्याला मान्यता दिली, हे तिचे मोठे काम. पण तिच्यात एक धोकाही आहे. त्रासाचे उगमस्थान ती नकळत भाडेकरूच्या आयुष्यात ठेवते, जणू तोच संसर्गजन्य आहे. याला सर्वांत स्पष्ट उत्तर व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागातल्या कार्यकर्त्यांबरोबर दीर्घकाळ काम केलेल्या विकी रेनल्ड्स यांनी दिले. त्यांचे म्हणणे असे की भाडेकरू आपल्याला दुखवत नाहीत. ज्या अन्यायी परिस्थितीत त्यांना मदत करायची, ती परिस्थिती दुखवते, आणि तिच्यावरचा उपाय एकट्याने स्वतःची काळजी घेण्यात नाही, तर एकमेकांच्या सोबतीत आहे. त्यांच्याआधी १९८४ मध्ये अँड्र्यू जेम्टन यांनी परिचारिकांविषयी लिहिताना नैतिक घुसमटीची कल्पना मांडली होती. योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या मर्यादांमुळे ते करता येत नाही, अशी ती अवस्था. डिटॉक्सची खाट मागायला फोन करायचा, खाट नाही म्हणून ऐकायचे आणि ते उत्तर घेऊन पुन्हा त्याच दारात जायचे, हे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांना या व्याख्येचे स्पष्टीकरण लागत नाही.

तिसरी धारा संस्थेकडे पाहते, आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते. इझाबेल मेन्झीस यांनी १९६० साली लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाच्या दुःखाची धग लागू नये म्हणून रुग्णालयाने कामाचे इतके तुकडे केले होते की कुठलीही परिचारिका कुठल्याही रुग्णाला नीट ओळखत नव्हती. संरक्षण म्हणून उभारलेली ही रचनाच परिचारिकांना आतून पोखरत होती, कारण ज्या नात्यासाठी त्या या पेशात आल्या तेच त्यांना मिळत नव्हते. ब्रिटनमध्ये २०१०च्या सुमारास रॉबिन जॉन्सन आणि रेक्स हेग यांनी बेघरांच्या निवासांसाठी ‘मनाची जाण ठेवणारी वास्तू’ ही कल्पना मांडली. तिच्यात कर्मचाऱ्यांना आपल्या कामाचा एकत्र बसून विचार करण्याची नियमित वेळ ही चैन मानलेली नाही. दाराखिडक्यांइतकाच तो वास्तूचा भाग आहे.

हे सगळे आजच का वाचायचे, याचे पहिले उत्तर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. तिथे एप्रिल २०१६ मध्ये विषारी अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, आणि २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यातले दहापैकी आठ मृत्यू घराच्या किंवा निवासाच्या आत झाले. फेंटानिलने श्वास थांबलेल्या माणसाला नॅलोक्सोन टोचणारे हात पुष्कळदा निवासातल्या रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याचे असतात. कधी माणूस उठून बसतो, कधी नाही. ज्याला गेली तीन वर्षे आपण चहा करून दिला, ज्याच्या भावाचा फोन नंबर शोधून दिला, तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती खोली रिकामी करायची असते, कारण यादीतला पुढचा माणूस वाट पाहत असतो. आपल्याकडे नात्यातला माणूस गेला की सुतक लागते. त्या दिवसांत काम मागे पडते, लोक येऊन बसतात, दुःखाला घरात जागा मिळते. कार्यकर्त्याला या मृत्यूचे सुतक नाही. रजेच्या नियमात आई-वडील आहेत, जोडीदार आहे, भाडेकरू नाही. समाजशास्त्रज्ञ केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा मान्यता नसलेल्या शोकाविषयी लिहिले. या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना ते फार नेमके लागू पडते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत कॅनडाभर अशा ७०१ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. साथीच्या काळात आपले मानसिक आरोग्य ढासळल्याचे जवळजवळ ८० टक्के जणांनी सांगितले.

कॅनडातल्याच ऑन्टारियो प्रांताचा कायदा मात्र अजून त्यांना ओळखत नाही. त्या प्रांताने २०१६ साली पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिका कर्मचारी अशा काही कर्मचाऱ्यांपुरते मान्य केले की त्यांचा आघातोत्तर तणाव कामातूनच आला असे गृहीत धरावे. पुढे परिचारिकाही त्यात आल्या. रुग्णवाहिका पोचण्याआधी त्याच माणसाच्या छातीवर दाब देत असलेला निवास-कर्मचारी या यादीत नाही, त्याने आपला आजार कामामुळेच झाला हे कागदोपत्री सिद्ध करायचे. कामाच्या ठिकाणच्या मानसिक सुरक्षिततेचे राष्ट्रीय मानक कॅनडाने २०१३ मध्ये काढले. जगातल्या अशा पहिल्या प्रयत्नांपैकी ते होते, पण पाळणे ऐच्छिक. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद वैद्यकीय आजार म्हणून न करता कामाशी निगडित घटना म्हणून केली. काहींना हे अवमूल्यन वाटले. मला ते योग्य वाटते, कारण आजार ठरवला की उपचार रुग्णावर होतो आणि काम आहे तसेच राहते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्याच्या दुःखापुढे पगारदार कर्मचाऱ्याच्या थकव्याचे काय कौतुक? यात दोन दुःखांची तुलना आहे, पण ती दोन वेगळी नाहीत. कार्यकर्ता सोडून गेला की भाडेकरूला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते, कुठल्या आवाजाने भीती वाटते, कुठले औषध सोसत नाही, आईचे नाव कुणासमोर काढायचे नाही. आयुष्यभर ज्याला माणसे सोडून गेली त्याला आणखी एक जण सोडून जातो. नात्यावर उभ्या असलेल्या योजनेत कर्मचाऱ्याचे सोडून जाणे हा भाडेकरूचा तोटा आहे. दुसरा आक्षेप पैशाचा. त्याच पैशात आणखी घरे होतील, हे खरेच आहे, पण न टिकणारे घर दुप्पट महाग पडते. तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कर्मचाऱ्यांच्या त्रासाची चर्चा केली तर ‘आधी घर’ पद्धतीच्या विरोधकांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होईल. अमेरिकेच्या केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये या पद्धतीचा पाठिंबा काढून घेण्याचा आदेश काढला आहे, त्यामुळे ही भीती खोटी नाही. तरीही मौन हा बचाव होऊ शकत नाही. हेनवूड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो की अटी घातल्याने कर्मचाऱ्याचे ओझे कमी होत नाही. ते घर दिल्याने होते; त्याबरोबर पुरेशी माणसेही हवीत, हे माझे म्हणणे. पुष्कळ ठिकाणी घर दिले गेले आणि पथकातली माणसे कापली गेली. दोष त्या कपातीचा आहे, आणि तो पद्धतीच्या नावावर खपवला जातो आहे.

मराठी वाचकासाठी चौथा आक्षेप सर्वांत जवळचा असेल: हे सेवेचे काम आहे, ज्याला झेपत नाही त्याने यात पडू नये. सेवाभावाविषयी मला आदर आहे. पण या शब्दाच्या आडोशाने मानधन तुटपुंजे ठेवले जाते, सुट्टी मागणाऱ्याला अपराधी वाटायला लावले जाते, आणि काम बहुतेक वेळा बायकांकडे जाते, कारण काळजी घेणे त्यांना ‘येतेच’ असे धरले जाते. हा प्रश्न आता महाराष्ट्राच्या दारात आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १९वे कलम सांगते की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्यावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत बरी होऊनही परतायला घर नसलेली माणसे आहेत. १९९३ साली चेन्नईत सुरू झालेल्या ‘द बनियन’ या संस्थेने अशा माणसांसाठी ‘होम अगेन’ हा उपक्रम काढला. चार-पाच जणींनी वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरात एकत्र राहायचे आणि सोबतीला एक मदतनीस. ‘ग्रँड चॅलेंजेस कॅनडा’च्या साहाय्याने तो वाढला आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या सहकार्याने महाराष्ट्रातही पोचला. या घरांतल्या मदतनीस बहुतेक करून आसपासच्याच स्त्रिया आहेत, पदवीधर समाजकार्यकर्त्या नव्हेत. उपक्रमाचे बळ त्यांच्या रोजच्या सोबतीत आहे. अशी घरे आणखी उघडायची असतील तर या मदतनीस बाईच्या पगाराची, पाळीची, रजेची आणि तिने मन मोकळे करायच्या जागेची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकातच व्हायला हवी, नंतर देणगी मिळाली तर बघू म्हणून नव्हे.

हे पुस्तक कार्यकर्त्याला कणखर कसे व्हायचे ते शिकवत नाही. कामाच्या बोज्यापासून सुपरव्हिजनपर्यंत, एकटीने घरभेटीला जाण्यापासून मृत्यूनंतरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, स्वतः बेघर राहिलेल्या सहकाऱ्यांना अर्धवेळ आणि कमी पगारावर राबवण्यापासून कामगार संघटनांच्या मागण्यांपर्यंत, त्रास कुठे तयार होतो आणि कोण तो बदलू शकतो हे शोधण्याचा त्याचा प्रयत्न आहे. त्यात काही ठिकाणी कॅनडातला अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही. तिथल्यासारखी भाड्याची मदत इथे नाही, आणि तिथला एकटेपणा इथल्या वस्तीत वेगळ्या रूपात येतो. वाचकाने तो फरक स्वतः करावा. समाजकार्याचे विद्यार्थी हे पुस्तक वाचतीलच. संस्थांचे विश्वस्त, जिल्हा प्रशासनातले अधिकारी आणि देणगीदार यांनीही ते वाचावे, आणि पुढच्या वेळी प्रस्ताव समोर आला की त्यातला एक रकाना आधी पाहावा: किती भाडेकरूंमागे किती माणसे.